राजापूरवरचा अभ्यास राजापुरात

लोकप्रशासन हा विषय मी राजापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवला. शिकवण्याच्या जोडीने आणखी एक काम माझ्याकडे येत गेलं आणि पुढे तेच जास्त जवळचं झालं. विद्यापीठांतली संशोधनपर व्याख्यानं ऐकायची, आपल्याकडे भरवायची आणि बाहेरून आलेल्या अभ्यासकांना घेऊन गावांत जायचं, असं ते काम. बीजभाषणं, शोधनिबंधांचं वाचन, पीएच.डी.च्या खुल्या मौखिक परीक्षा, सगळं त्यात आलं. या कामातून माझं एक मत पक्कं झालं. ज्या गावाचा अभ्यास केला त्या गावात, ज्यांनी माहिती दिली त्यांच्यासमोर, मराठीत वाचून दाखवल्याशिवाय कुठलंही धोरणविषयक संशोधन पूर्ण झालं असं मानू नये. गावाचे आभार मानायचे म्हणून हे करावं, असं मी म्हणत नाही. असं वाचन झालं की संशोधन सुधारतं, हे मी पाहिलेलं आहे.

सुरुवात मुंबईत झाली. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि पुढची काही वर्षं आमच्या विषयात पंचायत राज सोडून दुसरं बोललं जात नव्हतं. मी तेव्हा एम.ए. करत होते आणि लालबागला काकांच्या खोलीत राहत होते. अशाच एका व्याख्यानात वक्त्यांनी ग्रामसभांच्या हजेरीचे आकडे मांडले. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतला कमी असेल तो आकडा. तेवढीही माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मोजक्या सह्यांवर ठराव होतात. वक्त्यांनी निष्कर्ष काढला की कोकणातला ग्रामस्थ आपल्या कारभाराबद्दल उदासीन आहे.

आकडे खरे होते. माझ्या गावचंही रजिस्टर काढलं असतं तर तेच दिसलं असतं. पण ज्या काकांकडे मी राहत होते त्यांच्याच खोलीत महिन्यातून एका रविवारी आमच्या गावच्या मुंबई मंडळाची बैठक भरायची. विहिरीच्या डागडुजीला कोणी किती द्यायचे, शाळेच्या छपराचं काय, शिमग्याला पालखी आधी कुठल्या वाडीत न्यायची, रस्त्यासाठी कोणाच्या कुंपणातली हातभर जागा मागायची, हे सगळं तिथे ठरायचं. कधी भांडणं व्हायची, कधी बैठक रात्री उशिरापर्यंत चालायची. गावातली ग्रामसभा त्यातलं बरंचसं नंतर कागदावर घ्यायची. मी उभी राहून एवढंच सांगितलं. व्याख्यान संपल्यावर वक्ते माझ्याकडे आले, मंडळाच्या चिटणिसांचा पत्ता घेतला, आणि खरोखरच एका रविवारी वही घेऊन काकांच्या खोलीत येऊन बसले. पुढे त्याच विषयावर त्यांचा निबंध ऐकला तेव्हा त्यात गावच्या ग्रामसभेचं इतिवृत्त आणि मुंबई मंडळाचं इतिवृत्त अशी दोन्ही शेजारी ठेवून तपासलेली होती.

त्या दुसऱ्या निबंधाने एक वेगळा प्रश्न पुढे आणला, आणि तो मला अजून सुटलेला वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. आदल्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली होती. गावात राहणाऱ्या, शेत करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या मुख्यतः बायका. मंडळाच्या बैठकीत मात्र एकही बाई नसायची. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचा नियम त्याच्याही आधीपासून आहे. पण निर्णयाची जागाच गावाबाहेर असेल तर कायद्याने दिलेली खुर्ची किती कामाची, हे कोकणात बसूनच विचारता येतं. आमच्या पाठ्यपुस्तकांत बलवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ ला सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, बोंगिरवार समिती, सगळं क्रमाने यायचं. चाकरमान्यांचं मंडळ त्यात कुठेच नव्हतं.

राजापूर तालुक्यात अभ्यासकांना खेचून आणणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती. खोतीचा हा मुलूख. बाबासाहेब आंबेडकरांच्या कामाचा एक क्रम मी वर्गात नेहमी सांगत असे. १९१५ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाला ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर प्रबंध सादर केला. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातली कुळं मोर्चाने मुंबईत आली. १९३९ च्या जानेवारीत पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी काळे स्मृती व्याख्यान दिलं, १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची चिकित्सा करणारं. कागदपत्रांचा अभ्यास, ज्यांना कायदा हवा त्या लोकांशी संबंध आणि विद्वानांपुढचं व्याख्यान ही तिन्ही कामं एका माणसाने एकमेकांपासून तोडली नाहीत. आमच्या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे डोळ्यांपुढे ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या नोकरीच्या मधल्या काळात चर्चासत्रांचं पीक आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनंतर बढतीसाठी गुण मोजले जाऊ लागले, आणि निबंध वाचल्याचं प्रमाणपत्र ही गरजेची वस्तू झाली. एका दिवसात इतके निबंध ठेवले जायचे की वाचणाऱ्याला जेमतेम आठ-दहा मिनिटं मिळायची. उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय यांत सकाळ जायची आणि वेळ कमी पडला की कात्री लागायची ती प्रश्नोत्तरांना. मी अशा अनेक सत्रांत बसले आहे, काहींचं अध्यक्षपदही केलं आहे. त्यांतून नवं काही शिकल्याचं मला आठवत नाही. श्रोत्याने हात वर केल्यावर वक्त्याला आपला आकडा, आपली पद्धत, आपला शब्द पुन्हा तपासावा लागतो. तो क्षणच काढून टाकला, तर निबंध घरी बसून वाचलेला काय वाईट?

म्हणून आम्ही आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या. एका दिवशी एकच विषय, फार तर दोन वक्ते. निम्मा वेळ प्रश्नांचा. आणि वक्ता राजापूरबद्दल बोलणार असेल तर महाविद्यालयातलं बोलणं झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या गावात, शाळेच्या नाहीतर देवळाच्या सभामंडपात, तोच विषय. प्रमाणपत्र नाही, सत्कार नाही. तारीख भातलावणी, गणपती आणि शिमगा टाळून. सुरुवातीला काही अभ्यासक कचरले. गावात बोलायचं म्हणजे भाषण सोपं करायचं, असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात गावातले प्रश्न महाविद्यालयातल्या प्रश्नांपेक्षा अवघड असायचे.

एकदा एक तरुण संशोधक कमी पटाच्या शाळांचा अभ्यास घेऊन आला. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या जिल्हा परिषद शाळा आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत. त्या जवळच्या शाळांत मिळवाव्यात की नाही, हा वाद २०२३ मधल्या समूह शाळांच्या प्रस्तावाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम. या मुलाने तालुक्याच्या नकाशावर शाळा आणि वाड्या मांडल्या होत्या, अंतरं मोजली होती आणि किती शाळा एकमेकींपासून एक किलोमीटरच्या आत आहेत ते काढलं होतं. काम मन लावून केलेलं होतं. महाविद्यालयात सगळ्यांनी कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी गावात, शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक बाई पडद्यावरच्या दोन ठिपक्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सर, ह्या दोन शाळांच्या मधी पऱ्या हाय. पावसात त्याला पानी आलं की पलीकडं जायला साकवावरनं जावं लागतं, आनि साकव पार खालच्या वाडीत. सहा वर्सांचं पोर तिथनं एकटं कसं जाईल?" पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, साकव म्हणजे त्यावरचा लहान पूल. सभेत कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. त्या मुलाने नकाशा तसाच ठेवून विचारलं, "वहिनी, चालत किती वेळ लागतो?" मग सगळी सभाच बोलायला लागली. कुठला साकव वाहून गेला, कुठल्या साकवाच्या फळ्या कुजल्या, कुठल्या वाटेवर पाणंद चिखलाने भरते, कुठे जंगलाची वाट म्हणून मुलींना एकटं पाठवत नाहीत. तो पुन्हा जुलैत आला. छत्री घेऊन, मुलांबरोबर, शाळा सुटण्याच्या वेळी वाटा चालला. त्याच्या अंतिम प्रबंधात किलोमीटरच्या रकान्याशेजारी पावसाळ्यातल्या चालण्याच्या मिनिटांचा रकाना होता. त्या दोन शाळांचं पुढे जे व्हायचं ते झालंच, एकीचा पट शून्यावर आला आणि ती बंद पडली. संशोधनाने धोरण बदलतंच असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. पण त्या एका रकान्यामुळे पुढे ज्या कोणी अधिकाऱ्याने तो प्रबंध उघडला असेल, त्याला पऱ्या दिसला असेल.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाबद्दल लिहिताना अजून हात जड होतो. माडबनसह पाच गावांतली सुमारे ९३८ हेक्टर जमीन, सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. १६ मे २०१० ला माडबनला पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीत असताना करार झाले. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे गोळीबार झाला आणि एक मच्छीमार गेला. त्या वर्षा-दोन वर्षांत मुंबई-पुण्यात या प्रकल्पावर इतकी व्याख्यानं झाली की मी त्यांतली शक्य तितकी ऐकायला जात होते. ऊर्जाधोरणावर, भूकंपप्रवणतेवर, विकिरणावर, १८९४ च्या भूसंपादन कायद्यावर. महाराष्ट्र तेव्हा भारनियमनाने बेजार होता, वीज हवी असं सांगणाऱ्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. पण त्या सभागृहांत माडबनचा माणूस क्वचितच दिसायचा.

त्या काळात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास केला होता. सरकारी कागदात नापीक म्हटलेल्या बऱ्याच जमिनीवर लोक शेती करतात, आंबा-काजू लावतात, गुरं चारतात, हे त्यात मांडलं होतं. आम्हा इथल्या लोकांना त्यात नवल नव्हतं. सड्यावरचा कातळ मार्च महिन्यात गाडीतून पाहिला तर उजाडच दिसतो. पावसाळ्यात त्याच कातळाच्या खाचांत नाचणी, वरी होते, गवत होतं, त्या गवतावर वर्षभराचा चारा आणि घरांची शाकारणी चालते. सातबारावर यातलं थोडंच उतरतं. सामायिक खात्यात वीस-वीस नावं, निम्मी मुंबईत, काही मयत, वारस लागलेले नाहीत. ज्याचं नाव आहे तो कसत नाही आणि जी कसते तिचं नाव नाही. नुकसानभरपाईच्या यादीत कोण येणार, याचं उत्तर या एका कागदावर ठरतं.

आमच्याकडे या विषयावर व्याख्यान ठेवायचं की नाही, यावर बराच खल झाला. तालुका दोन बाजूंत विभागला होता. एकाच घरात सख्खे भाऊ बोलत नव्हते, कारण एकाने मोबदल्याचा धनादेश घेतला होता आणि दुसऱ्याने नव्हता. पुढे २०१३ मध्ये सरकारने हेक्टरी साडेबावीस लाखांचं वाढीव पॅकेज जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी ते घेतलं. त्यांना कोणी फितूर म्हणावं हे मला तेव्हाही पटलं नाही. ज्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं आहे, घरावर कर्ज आहे आणि जमीन तशीही गेलीच आहे, त्याने काय करावं हे दुसऱ्याने ठरवू नये. व्याख्यान ठेवलं. वक्त्या धोरणाच्या अभ्यासक होत्या, बाहेरच्या विद्यापीठातल्या. पहिलं वाक्य पुरं होण्याआधी मागून प्रश्न आला, "मॅडम, तुम्ही कोनाच्या बाजूच्या?"

त्यांनी जे उत्तर दिलं ते मी नंतर अनेक तरुण अभ्यासकांना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "मी काय विचारलं, कोणाला विचारलं, कोणी उत्तर द्यायला नकार दिला आणि माझ्या प्रवासाचा खर्च कुठून झाला, हे आधी सांगते. मग तुम्हीच ठरवा." आणि त्यांनी तसंच केलं. प्रश्नावलीचा कागद वाटला. कुठल्या गावात किती घरं, त्यांत धनादेश घेतलेली किती आणि न घेतलेली किती. मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यांशी काय बोलणं झालं. निष्कर्षांपर्यंत यायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात सभा निवली. दोन्ही बाजूंची माणसं एका खोलीत दीड-दोन तास बसली, एकमेकांच्या आकड्यांवर बोलली. त्या वर्षी ही लहान गोष्ट नव्हती. जाताना माडबनकडच्या एक आजी मला म्हणाल्या, "आमच्याकडं येणारी सगळी लिहून नेतात. वाचून दाखवायला ही पहिलीच आली."

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत देणं बंधनकारक आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीला उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे. सरकारवर कायद्याने टाकलेली ही जबाबदारी विद्यापीठाच्या संशोधकावर मात्र कोणीच टाकत नाही. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला आणि लोकांपुढे आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. त्या नऊ महिन्यांत आमच्या तालुक्यात त्या अहवालाबद्दल जे जे बोललं गेलं, ते सगळं अहवाल न वाचताच बोललं गेलं होतं. मूळ अहवालात ग्रामसभांनी ठरवावं यावर किती भर आहे, हे नंतर वाचल्यावर कळलं. तोवर मनं बनून गेली होती.

नंतर नाणार आलं. २०१७ मध्ये औद्योगिक क्षेत्राची अधिसूचना निघाली, वर्षाला ६ कोटी टनांच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी. २०१९ मध्ये ती रद्द झाली. मग प्रकल्पासाठी बारसू-सोलगावची जागा पुढे आली, आणि २०२३ च्या एप्रिलमधली माती परीक्षणाच्या वेळची आंदोलनं. बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ही आमच्या तालुक्यातली गावंही आहेत. या शिल्पांचा शोध ज्या रत्नागिरीकर अभ्यासकांनी लावला त्यांनी गावोगाव गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत सडे पालथे घातले. विद्यापीठातल्या आम्हा लोकांना ही पद्धत जड जाते. आम्ही प्रश्न तयार करून जातो आणि उत्तरापुरती जागा सोडतो.

आता गावाबद्दलही खरं बोललं पाहिजे. गावात वाचलं की सगळं सच्चं होतं, असा माझा दावा नाही. एका गावात पाणीपुरवठ्याच्या योजनेवरचा अभ्यास वाचला गेला. गावकार, मानकरी, सरपंचांचे यजमान पुढे बसलेले. सगळ्यांनी माना डोलावल्या, माहिती बरोबर आहे म्हणाले. सभा उठताना आमच्याच महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, "आमच्या बौद्धवाडीत हा प्रश्नावलीचा कागद आलाच नव्हता." संशोधकाला गाव दाखवणाऱ्या माणसाने त्याला वरच्या वाड्यांतून फिरवून परत आणलं होतं. नळाचं पाणी शेवटी पोचतं ते ठिकाण त्याच्या अभ्यासात नव्हतंच. महाराष्ट्रात जलधोरणावर इतकं लिहिलं गेलं आहे आणि तरी ही एक वाडी सुटते, याचा मला त्या दिवशी राग आला आणि अजूनही येतो. त्यानंतर आम्ही वाचन एका जागी ठेवलं नाही. आधी बायकांच्या बैठकीत, मग बौद्धवाडीत नाहीतर मोहल्ल्यात, जिथली माणसं देवळाच्या मंडपात येत नाहीत किंवा येऊन बोलत नाहीत तिथे, आणि शेवटी गावाच्या सभेत. वेळ तिप्पट लागतो. संशोधकाची रजा संपते, गाडी निघून जाते. तरी हेच बरोबर आहे.

राजापूर शहरात मात्र वेगळा अनुभव आला. अर्जुना आणि कोदवली या नद्यांना पूर आला की जवाहर चौकात पाणी येतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्या मुलांनी बाजारपेठेतल्या दुकानांत जाऊन भिंतींवरच्या पुराच्या खुणांची उंची नोंदवली, कोण कधी माल माळ्यावर चढवतो हे विचारलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना आम्ही पूररेषांवर बोलायला बोलावलं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, आणि त्यांच्या आत बांधकामाला काय बंधनं असतात, हे त्यांनी नीट समजावलं. पुराचं कारण नदीतला गाळ, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तेवढ्यात एक वयस्क व्यापारी उठले आणि म्हणाले, "पोरांनी उंची लिहिली, तारीख लिहिली. वेळ लिहिली नाही. खाडीला भरती असताना आलेलं पाणी आणि ओहोटीला आलेलं पाणी यांत फरक असतो. पंचांग काढून बघा." अभियंत्यांनी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. बापजाद्यांपासून त्या बाजारात बसणाऱ्या माणसाचं ज्ञान आणि अभियांत्रिकीचं गणित तिथे समोरासमोर आलं, आणि दोघांनाही एकमेकांचं काही घेण्यासारखं सापडलं. अशा सभेसाठी मी कितीही धावपळ करीन.

अधिकारी आणि कर्मचारी या व्याख्यानांत श्रोते म्हणून येतात, वक्ते म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. हे मला नेहमी खटकलं. आम्ही एका ग्रामसेवकांना बोलावलं. हे पद आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखलं जातं. त्यांच्याकडे दोन ग्रामपंचायती होत्या. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बंधित आणि अबंधित अशा दोन भागांत येत असे, बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतं. त्यांनी त्यावर तास घेतला. वाडीने मागितलाय साकव, शिल्लक आहे बंधित निधी, आराखडा ऑनलाइन भरायची मुदत आज संपते, नेटवर्क डोंगरावर गेल्याशिवाय मिळत नाही, आणि ग्रामसभेचा ठराव तर जोडलाच पाहिजे. या सगळ्याची सांगड घालताना ते काय करतात, काय करायचं टाळतात आणि लेखापरीक्षणात कशाला घाबरतात, हे त्यांनी न लपवता सांगितलं. वुड्रो विल्सनच्या १८८७ च्या निबंधापासून आमच्या विषयात राजकारण आणि प्रशासन वेगळं काढायचा प्रयत्न चालू आहे. त्या ग्रामसेवकांच्या रोजच्या दुपारी ते वेगळं निघत नाही, हे वर्गातल्या मुलांना त्या एका तासात जितकं कळलं तितकं मला वर्षभर शिकवून समजावता आलं नव्हतं.

सध्या आमचीच एक जुनी विद्यार्थिनी पीएच.डी. करते आहे. विषय साकवांचा. ते कोण मागतं, कुठल्या योजनेतून होतात, वाहून गेल्यावर किती वर्षांनी परत होतात आणि तोवर माणसं काय करतात. पाचल भागातल्या काही गावांत तिचं काम झालं आहे. प्रबंध सादर करण्याआधी ती प्रत्येक वाडीत निष्कर्ष वाचणार आहे, आणि वाडीने जे म्हटलं ते प्रबंधात नावांशिवाय नोंदवणार आहे. दोन ठिकाणी वाचून झालं. एका ठिकाणी तिच्या यादीत नसलेला साकव निघाला, गावाने श्रमदानाने बांधलेला, म्हणून कुठल्याच खात्याच्या नोंदीत नव्हता. दुसऱ्या ठिकाणी तिचा एक निष्कर्ष लोकांनी मान्य केला नाही. साकवाच्या जागेवरून दोन वाड्यांत भांडण होतं म्हणून काम रखडलं, असं तिने लिहिलं होतं. लोक म्हणाले, भांडण नव्हतं, ठेकेदार आलाच नाही. तिने कागदपत्रं पुन्हा मागवली आहेत. ती आल्यावर कोण बरोबर ते ठरेल, किंवा दोन्ही थोडं थोडं खरं निघेल.

विद्यापीठाला द्यायच्या प्रतीत या वाचनांचा भाग शेवटी परिशिष्टात घालावा, असं तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं आहे. परीक्षकांना मुख्य मजकुरात अशी नोंद पाहायची सवय नसते, हे त्यांचं कारण मला समजतं. मी तिला सांगितलं आहे की ते वेगळं प्रकरण कर, निष्कर्षांच्या आधीचं. मार्गदर्शकांशी माझं त्यावर एकदा बोलणं झालं आहे, येत्या महिन्यात पुन्हा होईल. तोवर तिसऱ्या वाडीतली तारीख ठरवायची आहे. तिथली लावणी यंदा उशिरा चालू झाली आहे.